यादीबाहेरचा कास्तकार

सरकारी अनुदान कुणाला मिळालं, हे लोकांना कळायलाच हवं. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागताही जाहीर करावा. त्याच कायद्यामुळे २०२१ मध्ये उघड झालं की पीएम-किसानचे १,३६४ कोटी रुपये २०.४८ लाख अपात्र लोकांना गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते.

पण चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास वाचताना मला उलटा प्रश्न पडतो. यादीत चुकून कोण शिरलं ते कळलं. बाहेर कोण राहिलं?

यादी बनते जमिनीच्या नोंदीवरून. इंग्रजांच्या १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं ‘राखीव’ होत गेली. १९५१ मध्ये जमीनदारी गेली आणि जमीनदारांची जंगलंही सरकारची झाली. आत धान पिकवणारा कास्तकार मात्र दप्तरात अतिक्रमणदारच राहिला.

२००६च्या वनहक्क कायद्याने वाट उघडली. वनपट्टा मिळालेला शेतकरी पीएम-किसानला पात्र ठरला. पण आदिवासी नसलेल्याला २००५ पूर्वीचा ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गरिबाने १९३०चा पुरावा आणायचा कुठून? नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. दप्तराला मात्र कागदच हवा असतो.

म्हणून मला वाटतं, लाभार्थ्यांच्या यादीसोबत नामंजूर दाव्यांची यादीही कारणांसह ग्रामसभेत वाचली जावी. अर्धी यादी म्हणजे पारदर्शकता नव्हे.