सोपाऱ्याचा पूर्ण आणि नारा येथील फुरुना

जपानला जाऊन आलेल्या किंवा तेथे काही काळ राहिलेल्या आपल्या लोकांच्या आठवणींत वेगवान रेल्वे, स्वच्छता व वक्तशीरपणा यांचे वर्णन हमखास येते. परंतु पालघर, बोईसर-तारापूर भागातील बौद्ध प्रवासी नारा या प्राचीन राजधानीत गेला, तर त्याला स्वतःच्या किनाऱ्याची आठवण करून देणारे एक नाव भेटते. तेथील कोफुकु-जी विहारात बुद्धशिष्यांच्या इ. स. 734 च्या सुमारास घडविलेल्या मूर्ती आहेत. झाडाच्या चिकात भिजविलेल्या कापडाचे थर देऊन त्या तयार केल्या गेल्या. दहा प्रमुख शिष्यांपैकी सहांच्या मूर्ती आज तेथे असून सारिपुत्त, मोग्गल्लान व राहुल यांच्यासमवेत त्यांत ‘फुरुना’ आहे. फुरुना म्हणजे पूर्ण, पालीत पुण्ण.

हे नाव ऐकताच सोपाऱ्याचा पूर्ण आठवणे स्वाभाविक आहे. ‘दिव्यावदान’ या ग्रंथानुसार तो शूर्पारक बंदरातील एका गृहपतीचा दासीपुत्र होता. सहा सागरी सफरी यशस्वी केल्यानंतर सातव्या सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या मुखातून त्याने बुद्धवचन ऐकले आणि पुढे तो संघात आला. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात तो उग्र लोकांच्या सुनापरांत देशी जाण्यास निघतो. तेथील लोकांनी शिवीगाळ केली, मारले, तर काय करशील, असे तथागत विचारतात. याहून मोठा आघात केला नाही हा त्यांचा चांगुलपणाच, असे मी समजेन, हा त्याच्या उत्तराचा आशय आहे. पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते.

तथापि नारा येथील फुरुना हा सोपाऱ्याचा पूर्ण नव्हे. तो पुण्ण मंतानिपुत्त. कपिलवस्तूजवळच्या ब्राह्मण कुळात जन्मलेला आणि धम्मकथिकांत अग्रगण्य मानला गेलेला. कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये चिनी भाषेत आणलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्रामुळे त्याचे नाव पूर्व आशियात सर्वपरिचित झाले. ग्रंथांबरोबर माणसेही तिकडे गेली. भारतीय भिक्खू बोधिसेन 736 मध्ये जपानला पोहोचला, 752 मध्ये तोदाई-जीच्या महाबुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्या हस्ते झाले आणि 760 मध्ये त्याच देशात त्याचे निधन झाले.

नामसाम्यावरून कोफुकु-जीची मूर्ती आपल्या पूर्णाची ठरविणे सोपे आहे. पण ज्यांचा इतिहास इतरांनी पुसला, त्यांनी तरी पुराव्यावाचून इतिहास रचू नये. शिवाय सोपाऱ्याला उसन्या वैभवाची गरज नाही. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उत्खनित केला. त्यातील दगडी करंडकात एकात एक ठेवलेली पात्रे, सुवर्णपुष्पे, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि सात बुद्ध व मैत्रेय अशा आठ लहान मूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आला.

हा आठवा लेख प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली. श्रमणांचे व वृद्धांचे दर्शन, दान, लोकांची भेट आणि धम्मचर्चा हे तिचे स्वरूप होते. जपानच्या प्रवासालाही हीच कसोटी लावावी. डहाणू-विरार मार्गाने मुंबईकडे जाताना नालासोपारा वाटेतच लागते. नाराला निघणाऱ्या उपासकाने प्रथम तेथे उतरावे. म्हणजे फुरुनापुढे उभे राहिल्यावर दोन्ही पूर्णांना यथार्थपणे ओळखता येईल.