एका संसाराचा एकांत
(आलाँसोंच्या मार्टिन दांपत्याचे स्मरण)

उपवासकाळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर दोन कागद शेजारी-शेजारी लागतात. एक तपसाधनेच्या नावनोंदणीचा आणि दुसरा गोरगरिबांसाठी जमवायच्या निधीचा. काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सेनंतर मी त्या फलकापाशी उभा होतो. तीन दिवसांच्या निवासी तपसाधनेसाठी नावे पुरेशी आली होती, मात्र लहान मुलांच्या आईचे नाव त्यांत एकही नव्हते. जवळ उभ्या असलेल्या एका भगिनीला मी सहज विचारले. ती हसून म्हणाली, "फादर, माझी तपसाधना चुलीपुढे. मी तीन दिवस गेले तर मागे बघणार कोण?" मी तत्परतेने उत्तरलो, "खरे आहे, बाई. संसार हीच मोठी तपसाधना." ती निघून गेली. त्या उत्तराने मी तिची समजूत घातली की माझीच सुटका करून घेतली, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस सलत राहिला.

त्याचे उत्तर शोधताना मी एका संसाराच्या इतिहासाकडे वळलो. लहान येशूची संत तेरेजा आपल्या घराघरांत तसबिरीच्या रूपाने आहे. तिचे आईवडील लुई आणि झेली मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद दिले. पती-पत्नीला एकत्रितपणे संत म्हणून घोषित करण्याचा ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होता. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांमुळे या घरात देवभक्ती, दानधर्म आणि रोजची ओढाताण कशी एकत्र नांदत होती, हे आपल्याला जवळून पाहता येते.

मठाच्या दारातून परत

लुईचा जन्म १८२३ साली फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. लुई घड्याळे दुरुस्त करण्याची कला शिकला. मात्र त्याच्या मनाची ओढ एकांताकडे होती. १८४५ साली आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठात प्रवेश मिळावा म्हणून तो गेला. लॅटिन येत नसल्यामुळे, आधी ती भाषा शिकून या, असे त्याला सांगण्यात आले. त्याने अभ्यास सुरू केला, पण तो तडीस गेला नाही. अखेर नॉर्मंडीतील आलाँसों या गावी त्याने घड्याळांचे दुकान थाटले.

झेली गेरँ १८३१ साली त्याच परिसरात जन्मली. तिलाही व्रतस्थ जीवनाची आस होती. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींच्या संघात तिने प्रवेश मागितला, पण तेथील मदर सुपीरियरनी नकार दिला. मग ती लेस विणण्याची कला शिकली. आलाँसोंची लेस केवळ सुईने विणली जाते. तिचा एकेक टप्पा एकेक कारागीर स्त्री करते आणि शेवटी ते सारे तुकडे अदृश्य टाक्यांनी जोडले जातात. युनेस्कोने २०१० साली या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जोडणीचे ते अवघड काम झेली स्वतः करी आणि विणकामासाठी अनेक स्त्रियांना घरबसल्या रोजगार देई.

मठाच्या दारातून परत आलेल्या या दोघांचा विवाह १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री आलाँसोंच्या चर्चमध्ये झाला. आरंभीचे सुमारे दहा महिने ते बहीण-भावाप्रमाणे राहिले. अखेर एका धर्मगुरूने त्यांची समजूत घातली आणि त्यांनी आईबाप होण्याचे पाचारण स्वीकारले. विवाह हा संन्यास हुकलेल्या माणसांचा दुय्यम मार्ग आहे ही समजूत आपल्याकडेही फार जुनी आहे. ती बाजूला सारायला या भाविक दांपत्यालाही वेळ लागला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्यांना नऊ अपत्ये झाली. १८६७ ते १८७० या चार वर्षांत त्यांतील चार दगावली. दोन मुलगे तान्हेपणीच गेले, हेलेन पाच वर्षांची होऊन गेली, तर एक मुलगी जेमतेम दोन महिने जगली. उरलेल्या पाचांत सर्वांत धाकटी तेरेजा. तिचा जन्म २ जानेवारी १८७३ चा.

रविवारचे बंद दार

या घराचा दिवस पहाटे साडेपाचच्या मिस्सेने सुरू होई. त्या वेळी रस्त्यावर असत ते बहुधा कामकरी लोक, आणि ही मिस्साही त्यांचीच. रविवारी लुईचे दुकान बंद असे. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही. परंतु खेड्यांतील माणसे खरेदीसाठी गावात येत ती नेमकी रविवारीच. बाजूचे एखादे लहान दार उघडे ठेवावे, त्यात पाप नाही, असे हितचिंतकांनी लुईला सुचवले, पण त्याने ते मानले नाही. तो दिवस देवाचा, घराचा आणि विश्रांतीचा म्हणून राखून ठेवलेला होता. आपल्या घरात जी बरकत आहे ती रविवार पाळल्यामुळेच, अशी झेलीची श्रद्धा होती.

वर्षातून एकदा तीन दिवस दूर जाण्याआधी आठवड्यातून एक दिवस थांबता आले पाहिजे. ज्या घराला रविवार नाही त्या घराला तपसाधनेचे तीन दिवस सापडणे कठीण.

दानाची वाट घरातून जाते

मार्टिन दांपत्य गरीब नव्हते. लेसचा धंदा वाढला तसा १८७० साली लुईने आपले दुकान भाच्याला विकले आणि तो पत्नीच्या व्यवसायाचे हिशेब व प्रवास पाहू लागला. पतीने पत्नीच्या उद्योगासाठी आपला उद्योग सोडावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

त्यांच्या दानाचे निरनिराळे मार्ग होते. श्रद्धाप्रसाराच्या कार्याला ते नियमाने देणगी देत. पोलिन जारिको या तरुणीच्या प्रेरणेने हे कार्य १८२२ साली लिओं शहरात सुरू झाले. दहा-दहा जणांचे गट करून प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे द्यायचे, अशी तिची योजना होती. गिरणीतल्या मजुरांनी दिलेल्या अशा नाण्यांतून आशियातील, आपल्या भारतातीलही, मिशनकार्याला साहाय्य मिळाले. या पोलिनला २२ मे २०२२ रोजी धन्य घोषित करण्यात आले. तेरेजेला १९२७ साली मिशनकार्याची आश्रयदाती करण्यात आले, तेव्हा तिच्या आईबापांची ती जुनी वर्गणी कोणाच्या स्मरणात असेल की नाही, कोण जाणे!

पण लिफाफ्यात पैसे घालून देण्यापुरते हे दान नव्हते. लुई संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा सदस्य होता. एकदा रेल्वे स्थानकावर त्याला फेफऱ्याचा विकार असलेला एक भुकेला माणूस दिसला. परतीच्या भाड्याइतकेही पैसे त्याच्यापाशी नव्हते. लुईने आपली टोपी काढली, तिच्यात आधी स्वतःचे पैसे टाकले आणि ती प्रवाशांपुढे फिरवली. दुसऱ्या एका प्रसंगी वाटेत भेटलेल्या निराधार म्हाताऱ्याला झेलीने घरी आणवले, शेकायला व जेवायला दिले. पुढे लुईने खटपट करून त्याला असाध्य रोग्यांच्या आश्रमात जागा मिळवून दिली. लेस विणणाऱ्या स्त्रियांपैकी कोणी आजारी पडली तर रविवारच्या सायंप्रार्थनेनंतर झेली तिच्या घरी जाई.

एकांत कोणाच्या वाट्याला?

लग्नानंतरही लुईची एकांताची ओढ ओसरली नाही. लग्नाच्या एक वर्ष आधी त्याने गावाच्या कडेला बागेसह एक लहानसा मनोरा विकत घेतला होता. तेथे तो वाचन-चिंतन करी. मासे पकडून आणले की ते क्लारिस्ट धर्मभगिनींना देई. सोलिन्यी येथील ला त्राप या मौनव्रती मठात जाऊन तो तपसाधना करी. मठात राहण्याचे त्याचे स्वप्न हुकले होते, पण पाहुणा म्हणून मठाचे दार त्याला खुले होते.

आणि झेली? पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत ती लेसपाशी वाकलेली असे. मुले, आजारपणे, ऑर्डरी आणि पत्रे यांतून तिची सुटका नव्हती. मठातील शांततेची स्वप्ने तिच्या पत्रांतून अधूनमधून डोकावतात. गावात धर्मजागृतीचे दिवस असले की रोजच्या प्रवचनांना ती कर्तव्य म्हणून जाई. मात्र ही प्रवचने आपल्याला आणखी एक प्रायश्चित्त वाटतात, असेही ती मिश्किलपणे लिहून टाकते. दोघांच्या भक्तीत उणे-अधिक नव्हते, परंतु एकांत मात्र दोघांना सारखा मिळाला नाही. हे सांगितल्याने संतांचा अनादर होत नाही.

स्त्रियांच्या तपसाधनेचा हा प्रश्न त्याहून जुना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनीतील व्हान या गावी येशूसंघीय फादर व्हिन्सेंट युबी यांनी पुरुषांच्या निवासी तपसाधनेचे मोठे कार्य केले. ते पाहून कॅथरिन द फ्रांशव्हील या महिलेने स्त्रियांसाठी तशीच सोय करण्याचे मनावर घेतले. आरंभी तिला चर्चमधूनच विरोध झाला. तरी ती डगमगली नाही, आणि स्त्रियांसाठी तपसाधनेचे घर उभे राहिले.

झेलीनेही आपल्या परीने ही वाट उघडली. ल माँ येथील व्हिजिटेशन मठात तिची सख्खी बहीण धर्मभगिनी होती. थोरली मुलगी मारी हिला त्या मठात तपसाधनेला जायचे होते. प्रवासाचा खर्च होता आणि लेकीला दूर पाठवणे लुईच्या जिवावर आले होते. झेलीने आग्रह धरला. असा खर्च वाया जात नाही, अशा आशयाचे तिने दुसऱ्या मुलीला, पोलिनला, कळवले. जे स्वतःला मिळाले नाही ते तिने मुलीसाठी मागून घेतले.

घरातलेच न दिसलेले

या घराच्या इतिहासातील एक पान वाचताना मन थबकते. तिसरी मुलगी लेओनी हट्टी, मंदगतीने शिकणारी होती. मठातल्या शाळेनेही तिला परत पाठवले होते. झेली तिच्यासाठी रडे, प्रार्थना करी, पण मूल वळणावर येईना. १८७७ च्या वसंतात मारीच्या लक्षात आले की घरातील मोलकरीण लेओनीला गुपचूप धाकात ठेवून मारझोड करीत होती. हीच मोलकरीण आजारी असताना झेलीने तिची रात्रंदिवस शुश्रूषा केली होती! दाराशी येणाऱ्या भिकाऱ्याचे दुःख ज्या आईला दिसे, तिला स्वतःच्या लेकीचे दुःख वर्षानुवर्षे दिसले नव्हते.

याचा दोष मी झेलीला देत नाही. पण धर्मगुरू म्हणून मला यातून इशारा मिळतो. श्वास घ्यायला उसंत नसलेल्या माणसाची नजर कितीही प्रेमळ असली तरी थकते, आणि थकलेल्या नजरेतून सर्वांत आधी निसटते ते जवळचे माणूस. तपसाधना ही चैन नव्हे, असे मी आता म्हणतो ते यासाठी. घरातून थोडे दूर गेल्यावर घर दिसते.

सत्य कळल्यावर आईने लेओनीला जवळ ओढून घेतले. मुलगी खुलू लागली. परंतु आईपाशी दिवस थोडेच उरले होते. स्तनाच्या कर्करोगाने ती खंगत चालली होती. जूनमध्ये लूर्दची यात्रा झाली, पण गुण आला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली देवाघरी गेली. लेओनी पुढे तीनदा मठातून परत येऊन, चौथ्या खेपेस १८९९ साली काँ येथील व्हिजिटेशन मठात स्थिरावली. तिच्या धन्यपदासाठीची प्रक्रिया २०१५ साली सुरू झाली आहे.

शेवटचा एकांत

पत्नीच्या मागे लुई पाच मुलींसह लिझ्यू येथे राहायला गेला. तेथे दर सोमवारी गरीब लोक दाराशी येत आणि त्यांच्या हाती भिक्षा देण्याचे काम लहानग्या तेरेजेकडे असे. दान देताना माणसाच्या तोंडाकडे पाहावे, हे ती तेथे शिकली. एकेक करून मुली मठात गेल्या. १८८८ साली लुईने लिझ्यूच्या कॅथेड्रलमधील मुख्य वेदीसाठी दहा हजार फ्रँक दिले.

त्याच वर्षी त्याचे मन भरकटू लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्याला काँ येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे त्याने तीन वर्षे काढली. मालमत्तेचा कारभार सोडून देण्याच्या कागदावर सही करताना तो वृद्ध रडला. आयुष्यभर ज्याने आपखुशीने एकांत शोधला, त्याच्या वाट्याला न मागितलेला एकांत आला, आणि ज्याने आपखुशीने दिले, त्याच्या हातून उरलेलेही गेले. १८९२ साली तो घरी परतला तेव्हा त्याला उचलून बसवावे लागे. सेलिनने त्याची सेवा केली. २९ जुलै १८९४ रोजी त्याने डोळे मिटले.

वाचकहो, या घरातून मी एक गोष्ट शिकलो. संसार, दान आणि एकांत ही तीन निरनिराळ्या माणसांची तीन कामे नाहीत. एकांतातून परतलेल्या माणसाचा हात सैल झाला नाही आणि घरातला आवाज मऊ झाला नाही, तर त्याची तपसाधना मठाच्या दारातच राहिली म्हणायची. आणि घरातील एकाच्या एकांताची किंमत दुसऱ्याने कायम मोजायची असेल, तर त्या एकांतात काहीतरी कमी आहे.

म्हणून आता नावनोंदणीचा कागद लागला की मी आयांना विचारीत नाही. त्यांच्या नवऱ्यांना विचारतो, "तीन दिवस चूल तुम्ही सांभाळाल का?" पहिल्या वर्षी सारे हसले. दुसऱ्या वर्षी चार जणींची नावे आली. त्यांत ती भगिनीही होती. तपसाधनेहून परतल्यावर ती मला भेटली तेव्हा म्हणाली, "फादर, घरी गेले तर भात करपलेला होता, पण पोरे बापाला बिलगून झोपली होती."

त्या घरात त्या तीन दिवसांत तपसाधना एकाची नव्हे, दोघांची झाली.