भोर-वेल्ह्याच्या वाटेवर



सहलीची चिठ्ठी घरी पाठवली की पालकांचे ठरलेले प्रश्न येतात. किती पैसे, किती दिवस, जेवणाचे काय. गेल्या खेपेस एका विद्यार्थ्याचे वडील मात्र शाळेत येऊन निराळेच विचारून गेले. "सर, भोरला काय आहे? चार डोंगर आणि पडके बुरूज. आणि खरे सांगू का, त्या इतिहासात आमच्या पोराचे काय आहे?" गृहस्थ रागावलेले नव्हते, खरोखर विचारत होते. मी तेव्हा "पाठवा तर खरे" एवढेच म्हणालो. उत्तर देता आले नाही म्हणून हा लेख लिहितो आहे.

पुण्याहून कात्रज ओलांडले की लवकरच खेड-शिवापूर लागते. येथील हजरत कमरअली दरवेश यांचा दर्गा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावून उचलायचा दगडही उचललेला असेल. दगडामागचे शास्त्र काय यावर वाद घालीत बसू नये. आमच्या मुलांनी तो दोनदा उचलला, आणि अकरावा गडी म्हणून आमच्या बसच्या ड्रायव्हरने बोट लावले. त्याच्या कपाळाला गंध होते.

पुढे चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळल्यावर बनेश्वराचे देऊळ आहे. ते पेशवाईतले. तेथील घंटा जरूर पाहावी. तिच्यावर १६८३ हा आकडा आणि क्रूस आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून ही घंटा आली असे मानतात. एका वस्तूला किती घरे फिरावी लागतात पाहा.

भोर हे नीरेकाठचे लहानसे, उतरत्या छपरांचे गाव. पावसाळ्यानंतर गेलात तर हिरव्या खाचरांमधून वळत जाणारी नीरा पाहून डोळे निवतात. गावात पंतसचिवांचा राजवाडा आहे. तो १८६९ सालचा. सिनेमावाल्यांना तो फार आवडतो, त्यामुळे मुलांना आतले चौक आणि लाकडी खांब ओळखीचे वाटतात. आमच्या मुलांत तर कोणत्या खांबाजवळ कोणता नट उभा होता याचीच चर्चा जास्त. मी रागावलो नाही. ओळख कोठून तरी सुरू व्हावी लागते.

पण 'पंतसचिव' या शब्दापाशी थोडे थांबा. सचिव या पदाचे आधीचे नाव सुरनीस. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी फार्सी पदनामे बदलून संस्कृत करण्यात आली. सुरनीस सचिव झाला, मुजुमदार अमात्य झाला, डबीर सुमंत झाला. पदे बदलली तरी किल्ला, फौज, हवालदार, जमीन हे शब्द कोणी हलवू शकले नाही. आपल्या शाळेतली हजेरी, दाखला आणि रजा ही त्याच भांडारातली. भाषा दरबाराच्या हुकमाने पूर्णपणे बदलत नाही, हे मुलांना राजवाड्याच्या पायरीवर बसून सांगितले की पटते. वर्गात सांगितले तर जांभया येतात.

या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. राजाराम महाराज जिंजीला असताना रामचंद्रपंत अमात्यांबरोबर त्यांनी हा मुलूख राखला. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परत आले, आणि शंकराजींपुढे पेच पडला. शपथ ताराबाईंची घेतलेली, आणि समोर उभा राहिलेला वारस संभाजीराजांचा मुलगा. त्यांनी भोरच्या दक्षिणेला आंबवडे येथे आपले जीवन संपवले असे सांगतात. त्यांची समाधी तेथेच आहे. संस्थानकाळातला झुलता पूलही तेथे आहे. मुलांना पुलावर नाचू देऊ नका.

आंबवड्याच्या बाजूलाच कारी हे जेध्यांचे गाव. आता मूळ प्रश्नाकडे येतो. कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. आधी आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या पदरी होते, मग शहाजीराजांकडे आले. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा विजापूरहून कान्होजींना फर्मान आले. तारीख १६ जून १६५९. मजकूर असा की शिवाजीचे पारिपत्य करण्यासाठी खानास सामील व्हा, नाही तर परिणाम भोगा. कान्होजी ते फर्मान घेऊन आपल्या पाच मुलांसह राजगडावर गेले. "तुमचे वतन जाईल, तुम्ही खानाकडे जा," असे महाराजांनी सुचवले, तेव्हा कान्होजींनी वतनावर पाणी सोडले. मुलेमाणसे सुरक्षित राहावीत म्हणून तळेगावी पाठवली. ही हकीकत जेधे करिन्यात आहे.

आता दुसरी बाजू. भोरच्या शेजारच्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांच्या दहा अंगरक्षकांत एक होता सिद्दी इब्राहीम. मी फळ्यावर दोन रकाने आखून "आपले" आणि "परके" अशी नावे लिहायला सांगितली असती, तर मुलांना ती कशी मांडता आली असती? वतन, शब्द, भीती, निष्ठा यांनी माणसे इकडेतिकडे झाली होती. कान्होजींना त्या दिवशी आपल्या पोराबाळांची काळजी होती. ती कोणत्याही पालकाला समजेल.

भोरहून वेल्ह्याला जाण्याआधी भाटघर पाहावे. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२८ साली पुरे झाले. जुने धरण त्याआधीचे, एकोणिसाव्या शतकातले. जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते आणि तिकडे ऊस उभा राहतो. ज्यांची भातखाचरे बुडाली ती माणसे डोंगराच्या कडेला सरकली किंवा कामासाठी पुण्यामुंबईला गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे बुडालेले देऊळ वर येते. याविषयी पाठ्यपुस्तकात दोन ओळी तरी हव्या होत्या.

परत नसरापूरला येऊन पश्चिमेला वळले की मार्गासनीवरून वेल्हे. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्याच्या बहुतेक तालुक्यांना किल्ल्यांचीच नावे होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. शिवाय राजगड, आणि घाटाखाली कोकणातला सुधागड. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास मान्यता दिली. संस्थानातल्या नावांपैकी एक असे परत आले.

वेल्ह्यातून तोरणा चढायला अडीच-तीन तास लागतात. वाट खड्या चढाची आहे. शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरूनच चढावे. वर झुंजार माची आणि बुधला माची. समोर राजगड. पंचवीस-एक वर्षे राजधानी राहिलेला हा गड. सईबाई तेथेच १६५९ साली वारल्या आणि राजारामांचा जन्म १६७० साली तेथेच झाला.

तोरण्याच्या दरवाजाशी बसून मी मुलांना १७०४ सालची गोष्ट सांगितली. औरंगजेब तेव्हा पंच्याऐंशीचा. या दऱ्याखोऱ्यांत तो स्वतः आला होता. फेब्रुवारीत राजगड पडला, त्याचे नाव ठेवले नबीशाहगड. मार्चमध्ये अमानुल्लाखानाची माणसे रात्री दोर लावून तोरण्यावर चढली. फितुरी न करता लढून घेतलेला किल्ला म्हणून इतिहासकार याचा वेगळा उल्लेख करतात. बादशहाने नाव ठेवले फुतुहुल्गैब. उर्दू जाणणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल की हजरत शेख अब्दुल कादिर जीलानी यांच्या प्रवचनसंग्रहाचेही हेच नाव. पण दोन्ही किल्ले थोड्याच वर्षांत मराठ्यांनी परत घेतले. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला वारला.

गोष्ट संपल्यावर त्याच गृहस्थांच्या मुलाने विचारले, "सर, मग आपण जिंकलो की हरलो?"

पोरे हसली. मला हसू आले नाही. मी त्याला विचारले, "आपण म्हणजे कोण रे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोर लावून चढले ते, आणि वर होते ते पण." वर असलेल्यांची नावे तर कोणीच लिहून ठेवलेली नाहीत, असे मी त्याला सांगितले. त्याने पाण्याची बाटली काढली, मलाही दिली, आणि आम्ही उतरायला लागलो.

तुम्हाला जायचे असेल तर पावसाळा संपताच जा. तोरण्याला सकाळी लवकर चढायला लागा, पायांत चांगले बूट घाला, पाणी भरपूर न्या. भोर आणि वेल्हे दोन्ही पुण्याहून एस. टी.ने गाठता येतात. खेड-शिवापूरला जाताना अकरा जण मोजून न्या. एखादा कमी पडला तर ड्रायव्हर आहेच.