जिज्ञासूच्या प्रश्नांतून जन्मलेलें पुराण

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार मानितांना, आपल्या मराठी धर्मजीवनाच्या उगमापाशीं वाचकांनीं क्षणभर आमच्यासवें यावें, अशी आमची विनंति आहे.

येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. तो काळ पोर्तुगीज अंमलाचा. देवळें पाडण्यांत आलीं होतीं, आणि नवख्रिस्ती लोकांस पूर्वींच्या पोथ्या वाचण्याची मनाई होती. हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. तरी ज्युबिलीच्या दिवशीं सत्य झांकूं नये.

अशा वेळीं एका रविवारीं धर्मशिक्षण चालू असतां एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें फादरांस विचारिलें कीं, आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर तशींच दुसरीं आमच्यासाठीं कां रचीत नाहीं? हा प्रसंग फादरांनीं स्वतःच आपल्या ग्रंथाच्या आरंभीं नमूद केला आहे. त्या प्रश्नांत तक्रार होती, तशीच खरी भूकहि होती. सत्ता पाठीशीं असलेल्या माणसास प्रश्नकर्त्याला गप्प करणें कठीण नव्हतें. फादरांनीं त्याचें म्हणणें योग्य मानिलें व लेखणी हातीं घेतली.

१६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. देवनागरी खिळे नसल्यामुळें लिपि रोमी. परंतु भाषा मराठी, आणि वृत्त ज्ञानोबा-एकनाथांची ओवी. सुमारें अकरा हजार ओव्यांत प्रथम जगदुत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेची, व नंतर प्रभु येशूच्या चरित्राची कथा आली. स्वर्गास त्यांनीं ‘वैकुंठ’ म्हटलें. श्रोत्याच्या ओठीं असलेला शब्द त्यांना परका वाटला नाहीं.

पुढें १६८४ सालीं गोव्याच्या सरकारनें देशी भाषेविरुद्ध हुकूम काढिला. पुराण मात्र हस्तलिखितांच्या रूपानें भाविकांच्या घरीं, थेट मंगळूरपर्यंत, जिवंत राहिलें. तेथेंच १९०७ सालीं तें पुन्हां छापलें गेलें, व १९५६ सालीं पुण्यास देवनागरींत आलें. ज्या राजवटीनें पोथ्या बंद केल्या ती १९६१ सालीं गेली. प्रश्नास प्रेमानें दिलेलें उत्तर टिकलें.

आपल्या कोल्हापुरांत तर पोथी, कीर्तन व भजन ऐकत वाढलेले शेजारी घरोघर आहेत. नाताळांत गोठा पाहावयास आलेला एखादा सज्जन हळूच विचारतो, "देव क्रूसावर कां मेला?" आपण त्याच्यापुढें फराळाचें ताट ठेवितों आणि विषय बदलतों! त्यास वादांत जिंकावें, असें आम्ही सुचवीत नाहीं. धर्माच्या बाबतींत कोणावरहि सक्ती नसावी, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें. परंतु सक्ती न करणें म्हणजे मौन धरणें नव्हे. संत पेत्राची शिकवण अशी कीं, आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्यास सौम्यतेनें व आदरानें उत्तर द्यावें. त्यासाठीं आधीं आपण शुभवर्तमान वाचलेलें असावें, आणि त्याचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकलेला असावा. पुढचें काम पवित्र आत्म्याचें.

येणाऱ्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतून असा एकहि प्रश्नकर्ता उत्तरावांचून परत न जावो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.