चालत्या इंजिनाची काडी

मागच्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या एका ट्रॅकवर सकाळी आठ वाजता मी एक चूक केली. मित्राची ऐंशीच्या दशकातली पोर्श ९११ दहा-बारा दिवस गॅरेजात उभी होती. तो ड्रायव्हरांच्या सूचना ऐकायला गेला आणि जाताना म्हणाला, "तेवढं ऑइल बघून ठेव." मी काडी ओढली, पुसली, पुन्हा घातली. काडी कोरडी. जवळच्या डब्यातलं दीड लिटर तेल मी टाकीत ओतलं आणि काम चोख झालं अशा समाधानात चहा प्यायला गेलो.

तिसऱ्या फेरीत गाडीमागे निळ्या धुराचा पडदा उभा राहिला. मार्शलने काळ्या कापडावर नारिंगी गोल असलेला झेंडा दाखवला. त्याचा अर्थ, तुझ्या गाडीत बिघाड आहे, बाहेर ये. तेल एअर फिल्टरच्या डब्यात शिरलं होतं आणि थोडं खाली गळत होतं. मागून येणाऱ्या मोटारीच्या चाकाखाली ते आलं असतं तर पुढचं सांगायला नको. गाडीत तेल कमी नव्हतंच. मी विचारलेली वेळ चुकली होती.

लाज जास्त वाटली, कारण ही गोष्ट मला शाळकरी वयातच सांगितली गेली होती. साताऱ्याला वडिलांच्या जुन्या बुलेटची काडी मी सकाळी उठल्या उठल्या बघायचो आणि तेल कमी आहे म्हणून ओरडत घरात जायचो. आमचे मिस्त्री म्हणायचे, "गडबड करू नको रे. आधी गाडी फिरवून आण, मग बघ." फिरवून आणली की तेल बरोबर भरायचं. मला ती जादू वाटे. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे हे फार उशिरा कळलं.

साध्या मोटारीत तेल इंजिनाच्या तळाशी असतं. आपले गॅरेजवाले त्याला 'चेंबर' म्हणतात. पंप तिथून तेल खेचतो, बेअरिंगांना देतो आणि ते ओघळून परत चेंबरमध्ये येतं. याला वेट सम्प म्हणतात. बाजारात जाण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण ट्रॅकवरच्या वळणात गाडीवर गुरुत्वाकर्षणाइतकंच आडवं बल आलं, तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल एका भिंतीवर चढतं आणि पंपाच्या नळीच्या तोंडाशी हवा येते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच. तो काही क्षण नाहीसा झाला तरी धातूवर धातू घासतो. वळण संपेपर्यंत इंजिनाचं आयुष्यही संपू शकतं.

यावरचा उपाय म्हणजे तेल इंजिनाखाली साठवायचंच नाही. ड्राय सम्पमध्ये ते वेगळ्या टाकीत असतं. एक पंप टाकीतून तेल घेऊन बेअरिंगांना देतो, आणि एक किंवा अधिक पंप इंजिनाच्या तळाशी जमणारं तेल उपसून टाकीत परत पाठवतात. उपसणाऱ्या पंपांची ताकद देणाऱ्यापेक्षा जास्त ठेवावी लागते, कारण तेलासोबत बरीच हवाही ओढली जाते. हे फेसाळलेलं तेल टाकीच्या भिंतीलगत गोल फिरत उतरेल असं आत सोडतात. हवा सुटते, तेल खाली बसतं. रेसच्या टाक्या उंच आणि अरुंद असतात, त्यामुळे वळणात तेल कललं तरी तळाचं तोंड उघडं पडत नाही. शिवाय खोल चेंबर नसल्याने इंजिन जमिनीजवळ बसवता येतं.

तेल वेगळ्या टाकीत ठेवायची रीत पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या विमानांत ठळक दिसते, पण तिथे तेल परत येत नसे. फ्रान्सच्या सेगँ बंधूंच्या नोम इंजिनात सिलिंडरांसकट सगळं इंजिनच गरगर फिरायचं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच जाई, त्यामुळे पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारं तेल हवं होतं. ते होतं आपलं एरंडेल. एकदा वापरलं की ते धुरासोबत बाहेर फेकलं जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर उडे. त्या विमानांत तेल किती उरलं यावर किती वेळ उडता येईल हेही ठरे. 'कॅस्ट्रॉल' हे नावसुद्धा एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडलं. लहानपणी पोट साफ करायला नाक दाबून जे प्यायलो, त्याच तेलावर एके काळी विमानं आणि रेसच्या मोटारी धावत होत्या.

वापरलेलं तेल उपसून पुन्हा वापरायची रीत ब्रिटिश मोटारसायकलींनी घरोघरी नेली. रॉयल एनफिल्डची बुलेट त्यांतलीच एक. १९५५ पासून ती मद्रासला जोडली जाऊ लागली. ओतीव लोखंडी सिलिंडरच्या त्या जुन्या बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात, पण वेगळ्या कप्प्यात होती. म्हणजे आपल्याकडच्या कित्येक घरांच्या अंगणात ड्राय सम्प उभा होता, फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नव्हतं. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून इंजिनाच्या पोटात उतरे. इंजिन चालू केलं की पंप ते उपसून परत आणे. मिस्त्रींचं "आधी फिरवून आण" म्हणजे हेच.

मोटारींत १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएलमध्येही ड्राय सम्प होता. बॉनेट बसकं ठेवण्यासाठी तिचं इंजिन डावीकडे कलवून बसवलं होतं. तिची एक खोड मात्र मोठी शिकवण देणारी आहे. किल्ली फिरवून इंजिन बंद केल्यावरही ते पूर्ण थांबेपर्यंत यांत्रिक पंप पेट्रोल आत सोडत राही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली तेलात मिसळे. सुमारे १० लिटर तेल आणि मोठा ऑइल कूलर असल्यामुळे छोट्या फेऱ्यांत तेल पुरेसं तापत नसे आणि पेट्रोल उडून जात नसे. काडीवर पातळी झकास, पण काडीला लागलेलं तेल पातळ. म्हणून दर १००० मैलांनी तेल बदलायचा सल्ला असे. पातळी विनाकारण वाढली तर आनंद मानू नये, हा धडा तेव्हापासूनचा.

१९६७ मध्ये झांडफोर्टला कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि जिम क्लार्कने लोटस ४९ मधून ती शर्यत जिंकली. तेही ड्राय सम्पचंच. पुढे त्या इंजिनाने फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या.

९११ ला ड्राय सम्प जन्मापासून, म्हणजे १९६४ पासून होता. १९७२ च्या मॉडेलमध्ये पोर्शने वजनाचा तोल सुधारण्यासाठी तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि उजव्या बाजूला बाहेरून उघडणारं झाकण दिलं. तेल भरणं सोपं झालं, पण भलत्यालाच. पंपावरच्या पोऱ्यांना ते पेट्रोलचं झाकण वाटे आणि तेलाच्या टाकीत पेट्रोल जाई. पुढच्याच मॉडेलला ते झाकण गेलं. एवढी हुशार रचना, आणि ती हरली ती झाकण उघडणाऱ्या हाताच्या सवयीपुढे. त्या सकाळी माझाही हात तसाच सवयीने गेला होता.

मग तेल बघायचं कसं? हवेवर थंड होणाऱ्या जुन्या ९११ मध्ये गाडी सपाट जागी उभी करायची, तेल ८०-९० अंशांपर्यंत तापू द्यायचं आणि इंजिन संथ चालू असतानाच काडी बघायची. तापणं महत्त्वाचं, कारण २० अंशांवरचं १० लिटर तेल १०० अंशांना साधारण अर्धा लिटर जास्त जागा घेतं. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावर ठरावीक मिनिटांत बघायला सांगितलेलं असतं, म्हणून आपल्या गाडीचं पुस्तक आधी वाचावं. कमी वाटलं तर पाव-पाव लिटर घालून पुन्हा मोजायचं. दिवसभरात प्रत्येक सत्रानंतर त्याच जागी, त्याच तापमानाला बघून वहीत आकडा लिहायचा. श्वासनळीला जोडलेल्या कॅच टँकमध्ये किती तेल आलं तेही लिहायचं, नाहीतर गेलेलं तेल कुठे गेलं ते कळत नाही. बरेच दिवस उभ्या असलेल्या रेसच्या गाडीत स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून इंजिन स्टार्टरवर फिरवतात. खाली साचलेलं तेल उपसलं जातं आणि बेअरिंगांवर भार येण्याआधी दाब तयार होतो.

मित्राचं इंजिन वाचलं. ते गेलं असतं तर दुरुस्तीचा खर्च माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा झाला असता. आम्ही जास्तीचं तेल काढलं, फिल्टर बदलला, गळलेलं तेल पुसलं आणि दुपारी इंजिन पुन्हा तापवून काडी बघितली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधोमध. सकाळी मी डबा हातात घेतला तेव्हाही गाडीत इतकंच तेल होतं. दहा लिटरच्या वर तेल आत असूनही काडी मला कोरडी दिसली होती, कारण त्यातलं बरंचसं इंजिनाच्या पोटात झोपलेलं होतं.

घरी आल्यावर वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "मिस्त्रींना सांगतो हं." मिस्त्रींचं आता वय झालंय, गॅरेज मुलगा बघतो. आठवड्याने वडिलांचा निरोप आला. मिस्त्रींनी एवढंच विचारलं होतं, "तिकडच्या गाडीलाबी फिरवून आणावं लागतं व्हय?"

मित्राच्या गाडीच्या तेलाच्या झाकणाला आता एक चिठ्ठी बांधलेली आहे. ती मी मराठीतच लिहिली आहे, कारण ती माझ्यासाठीच आहे: आधी फिरवून आण, मग बघ.