एकवीस तास आणि नऊ ज्युरर

जुलै १९०८. मुंबई हायकोर्टातील राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. ज्यूरीपुढील त्यांचे भाषण २१ तासांहून अधिक चालले. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. मराठी जाणणाऱ्यांची ज्यूरी असावी, ही बचावाची मागणी आधीच फेटाळली गेली होती. ‘केसरी’तील लेख मराठी; म्हणून भाषणाचा बराच भाग सरकारी भाषांतरातील शब्दांचे अर्थ फोडण्यात गेला. पण ज्याला मूळच वाचता येत नाही, त्याला भाषांतर चुकले हे पटावे कसे? २२ जुलैच्या रात्री कौल आला: ७ विरुद्ध २, दोषी. शिक्षा सहा वर्षांची. ज्यूरीचे मन वळवण्यात तो प्रदीर्घ युक्तिवाद निष्फळ ठरला. मात्र त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने छापला गेला आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या वाचकांपुढे खटला पुन्हा उभा राहिला.