माकडांवरील कोव्हॅक्सिन चाचणी (पुणे, २०२०)

कोव्हिड-१९ वरील कोव्हॅक्सिन लशीची ऱ्हीसस माकडांवर घेतलेली चाचणी. ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) केली. रुग्णाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला तोही याच संस्थेने; हैदराबादच्या भारत बायोटेकने तो वाढवून, रसायनाने निष्क्रिय करून लस बनवली.

लस लागणीपासून वाचवते का हे पाहायला प्रयोगशाळेतला नेहमीचा उंदीर चालत नाही, कारण मूळ करोना विषाणूला त्याच्या पेशींत नीट शिरकाव मिळत नाही. सीरियन हॅमस्टरला मात्र लागण होते. त्याच्यावर वेगळी चाचणी झाली. माणसाच्या अधिक जवळचे म्हणून माकड हवे होते. आपण वानर म्हणतो ते काळतोंडे नव्हे, लाल तोंडाचे. टाळेबंदीत वस्त्यांतले खाणे तुटल्याने माकडे पांगली होती. वन विभागाने जंगल पालथे घातले, तेव्हा ती नागपूरच्या बाजूला सापडली.

वीस माकडांचे पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लशीची वेगवेगळी मिश्रणे टोचली, चौथ्याला लस दिलीच नाही. चौदा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा झाल्या आणि आणखी चौदा दिवसांनी जिवंत विषाणू नाकात व श्वासनलिकेत सोडला. पुढे नाका-घशातले नमुने आणि फुप्फुस धुऊन काढलेला द्रव तपासत गेले. सातव्या दिवशी शवविच्छेदन झाले. लस घेतलेल्यांच्या फुप्फुसांत विषाणू उरला नव्हता, न्यूमोनियाही नव्हता. लस न मिळालेल्या गटात न्यूमोनिया होता आणि वायुकोशांच्या अस्तरात विषाणूच्या खुणा होत्या.

फुप्फुस असे उघडून पाहण्याला जुने, दुःखद कारण आहे. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनविषाणूवरची निष्क्रिय लस बाळांना दिली गेली. पुढे खरी लागण झाली तेव्हा लस घेतलेल्यांनाच आजार अधिक बळावला आणि दोन बाळे दगावली. लस उलटत तर नाही ना, हे रक्तातल्या प्रतिपिंडांवरून कळत नाही.

उंदीर व सशांवरील सुरक्षा-चाचण्यांच्या आधारे कोव्हॅक्सिनच्या मानवी चाचण्या जुलै २०२० मध्येच सुरू झाल्या होत्या. माकडांचे निष्कर्ष सप्टेंबरात जाहीर झाले. साथीची निकड मान्य केली, तरी हा क्रम नियम ठरू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात लशीच्या यशाचे श्रेय या वीस माकडांनाही दिले आहे.